बॉल घासून घेऊ की भोकं बुजवून पुन्हा ड्रिल करू? (लांब ऑइल, बॉल वळतच नाही)

सरळसोट
नमस्कार मंडळी, टेनपिन बोलिंगचा प्रश्न आहे. माझ्याकडे १५ पौंडांचा सॉलिड रिअ‍ॅक्टिव्ह बॉल आहे. कंपनीतून २००० ग्रिटवर (घासणीचा आकडा) आलेला, पिन (बॉलवरची आतल्या गाभ्याची खूण) बोटांच्या भोकांच्या वर ठेवून ड्रिल केलेला. हाऊस शॉटवर (लेनवर रोज घालतात त्या तेलावर) छान चालायचा. आता लीगमध्ये ४२ फुटांचा तेलाचा पॅटर्न घालतायत आणि बॉल पार पिनांपर्यंत घसरतच जातो. उजव्या हाताने टाकतो, वेग बरा आहे, रेव्ह (बॉलचे फेरे) कमी.
बजेट एकाच कामाचं आहे. एक तर घासायचा पॅड आणून पृष्ठभाग खरखरीत करायचा, नाहीतर भोकं बुजवून नवीन लेआउट (पिनच्या हिशेबाने भोकांची जागा). नवीन बॉल घेणार नाही, त्यामुळे तो सुचवू नका.

पिनपाडू
असिमेट्रिक कोअरवाला (आतला गाभा असमान असलेला) नवीन बॉल घ्या. मी गेल्या सीझनला घेतला, तेलात असा वळतो की बघत राहावं. जुन्यावर खर्च करून काही हाती लागत नाही.

सरळसोट
नवीन बॉल नको, असं वर लिहिलंय हो.

तीनबॅग
पिनपाडूंशी सहमत. खरं तर तीन लागतात: एक डल, एक पॉलिश केलेला आणि स्पेअरसाठी (उरलेल्या पिना पाडायला) प्लास्टिक. मी तिन्ही घेऊन जातो, लेन कशीही असो, अडत नाही.

खरखर
धागाकर्त्याने काय विचारलंय ते बघू या का?
आधी पृष्ठभाग. यूएसबीसीने (अमेरिकेतली बोलिंग संघटना) बॉलच्या चालीचा जो मोठा अभ्यास केला होता, त्यातही सगळ्यात जास्त परिणाम कव्हरच्या खरखरीतपणाचाच निघाला. लेआउट त्याच्या बराच मागे. ग्रिटचा आकडा जितका लहान तितका बॉल खरखरीत आणि तितका तो तेलात लवकर पकडतो. तुमचा २००० वर आलेला बॉल आज २००० वर नसणारच. लेनवर घासून घासून तो गुळगुळीत होतो, ट्रॅकच्या पट्ट्यावर (जिथे बॉल लेनला टेकतो) तर चकाकी दिसेल.
५०० चा हात देऊन वर १००० फिरवा. बॉल आधी नीट पुसून घ्या, नाहीतर तेल पॅडलाच लागतं. पॅड ओला करा, बॉल कपात बसवा, वरचा अर्धा भाग गोल गोल घासा, मग उलटा करून खालचा, मग राहिलेल्या दोन बाजू. दाब आणि वेळ चारी बाजूंना सारखा. फक्त ट्रॅक घासू नका.

वजनदार
एवढी खटपट कशाला? बाजूला एक वेट होल (वजन साधायचं जास्तीचं भोक) पाडून घ्या. आमच्या वेळी सगळे तेच करायचे आणि फ्लेअर (दर फेरीला बॉलवरची तेलाची रेघ सरकणं) लगेच वाढायचा.

नियमावली
वजनदार, १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या स्पर्धांमध्ये वेट होल चालत नाही. पकडीसाठी न वापरलेलं भोक बुजवावंच लागतं. त्यांची लीग त्या नियमांवर असेल तर बॉलच बाद होईल. आणि खरखर यांनी सांगायचं राहिलं: घासायचं ते खेळ सुरू व्हायच्या आधी. मॅच चालू असताना पॅड लावता येत नाही.

वजनदार
बदलला असेल नियम, पण बॉल उत्तम चालायचे.

चमकदार
माझा अनुभव वेगळा आहे. मी पॉलिश केलं आणि बॅकएंडला (लेनच्या शेवटच्या कोरड्या भागात) बॉल जबरदस्त मारायला लागला. पॉलिश करून बघा.

खरखर
तुमची लेन कोरडी असणार. पॉलिशने बॉल पुढपर्यंत शक्ती राखतो आणि कोरड्यात एकदम वळतो. इथे ६० फुटांपैकी ४२ फूट तेल आहे, उरतात १८ फूट. यांच्या वेगाला पॉलिश केलेला बॉल तेवढ्यात वळणार कधी?

नियमावली
आणि उलटही लक्षात ठेवा. ५०० वर ठेवून कोरड्या लेनवर नेलात तर पिनांपर्यंत दम संपतो आणि १० नंबरची पिन उभी राहते.

पिनपाडू
म्हणूनच म्हणतो, दुसरा बॉल हवाच.

तडा
तेल मुरलंय म्हणून कोणी गरम मशीनमध्ये ठेवायला सांगितलं तर ठेवू नका. माझा बॉल एका दुकानाने ठेवला, परत आला तो अंगठ्यापासून बोटापर्यंत तडा घेऊन. भरपाई नाही, साधी दिलगिरीही नाही. खेळ संपला की लगेच पुसायचा, तेवढं पुरतं.

शांताराम_३९
एक फुकटची गोष्ट. पॅटर्नच्या लांबीतून ३१ वजा करा: ४२ − ३१ = ११. बॉल तेलातून बाहेर पडताना साधारण अकराव्या बोर्डाच्या (उजवीकडून मोजलेली लेनची फळी) आसपास हवा. हाऊस शॉटच्या सवयीने तुम्ही पाचव्या-सहाव्या बोर्डापर्यंत बाहेर टाकत असाल तर तिथून तो परत येणारच नाही, मग पॅड लावा नाहीतर लेआउट बदला. पुढच्या वेळी आधी जरा सरळ टाकून बघा.

तीनबॅग
मी पण हेच सांगणार होतो. पॅड घ्या, स्वस्त आणि मस्त.

लेआउटवेडी
घासायच्या आधी एक पाहा. बॉल परत आला की पुसायच्या आत त्यावरची तेलाची वर्तुळं बघा. पसरलेली असतील तर फ्लेअर ठीक आहे, पॅडवर भागेल. एकावर एक बसलेली असतील तर बॉल दर फेरीला त्याच तेलकट पट्ट्यावर फिरतोय. बॉलवरची पिन आणि पीएपी (बॉल सोडल्यावर तो ज्या अक्षाभोवती फिरतो त्याचं टोक) यांच्यात सव्वातीन-साडेतीन इंच अंतर असलं की फ्लेअर सगळ्यात जास्त मिळतो. ते फार वाढलं की कमी होतो. तुमचं किती आहे?

सरळसोट
काल बघितलं. वर्तुळं जवळजवळ एकावर एक, पट्टा बोटाच्या पेराएवढा. अंतर मोजलं तर पाच इंचांच्या वर. अकराव्या बोर्डाचंही करून पाहिलं, बराच फरक पडला, पण पॉकेटपर्यंत (पहिल्या पिनेच्या बाजूची फट) तो अजून नीट येत नाही.
शिवाय स्पॅन (अंगठा आणि बोटांच्या भोकांमधलं अंतर) लांब आहे, अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोलते. ते दुखणं पॅडने जाणार नाही. म्हणून सगळी भोकं बुजवून नवीन लेआउट करायचं ठरवलंय.

खरखर
घाई होतेय. अंगठ्याचं भोक तेवढं बुजवून स्पॅन सुधारता येतो, बाकीचं पॅडवर भागवा.

पिनपाडू
तोच खर्च नव्या बॉलकडे वळवला असता तर?

सरळसोट
खरखर, खरंय, पण वर्तुळं बघितल्यावर लेआउट तसाच ठेवायला मन होत नाही. बॉल दुकानात टाकला आज.

लेआउटवेडी
मग दोन गोष्टी सांगून ठेवा. पीएपी तुमच्या आत्ताच्या रिलीजवरून नव्याने मोजायला लावा, जुन्या कार्डावरचा आकडा घेऊ नका. आणि बुजवलेला भाग पूर्ण घट्ट झाल्यावरच ड्रिल करू दे, एक दिवस तरी जाऊ दे. तो भाग सपाट करायला त्यांना बॉल स्पिनरवर घासावाच लागतो, तेव्हा शेवटचा हात १००० चा द्या म्हणून आधीच सांगा. पॅडचं काम त्यातच होऊन जाईल.

सरळसोट
हे माहीत नव्हतं. लगेच फोन करून सांगतो.