सैद्धांतिक खगोलभौतिकी करायला नागपूर सोडावंच लागतं का?

धरमपेठचा मामा
भाची बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मे महिन्यात कूलरसमोर बसून, बॅटरी मेलेल्या, फक्त चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपवर तिनं ताऱ्याच्या आतली घनता सांगणारं लेन-एम्डेन समीकरण सोडवलं. ताऱ्याच्या केंद्रातून एकेक पाऊल बाहेर सरकायचं, घनता शून्य झाली की तारा संपला. निर्देशांक (वायू दाबला की त्याचा दाब किती वाढतो ते सांगणारा आकडा) 3 ला ताऱ्याची त्रिज्या, समीकरणाच्या मापात, आली 6.897. पुस्तकाशी जुळलं तर पोरगी खुर्चीवर चढून नाचली! याच गणितातून चंद्रशेखर मर्यादा निघते : श्वेत बटू (जळण संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा) सूर्याच्या साधारण 1.4 पटींहून जड राहू शकत नाही.

याला दुर्बीण नको, अंधारं आकाश नको (ते आपल्याकडे उरलंय कुठे, फुटाळा तलावावर उभं राहून आकाशगंगा दाखवा). भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखरांनी तर 1930 साली बोटीत बसून हे केलं. मग संशोधनासाठी पुण्यालाच जायचा हट्ट काऊन? एम.एस्सी., पीएच.डी. इथंच करावी असं माझं ठाम मत आहे.

पुण्यातला वऱ्हाडी
मामा, ती बोट इंग्लंडला चालली होती हे सोयीस्कर विसरलात. 😄
आणि सैद्धांतिक काम आता 1930 सारखं राहिलं नाही. दीर्घिकेच्या मधलं महाकाय कृष्णविवर आसपासचा वायू तापवतं, त्यामुळे नवे तारे जन्मायचे थांबतात. हे वाक्य चहा पिता पिता बोलता येतं. पण खरंच तसं होतं का, हे तपासायला हजारो प्रोसेसर महिनोन्महिने चालवावे लागतात. तिच्या चार्जरवर नाही होणार ते.

महालकर
चालवायचे कशाला? चालवून झालेत. इलस्ट्रिस-टीएनजी या दीर्घिकांच्या संगणकी प्रतिकृतीचा डेटा फुकट उघडा आहे. गाया या अवकाश दुर्बिणीची 180 कोटींच्या वर ताऱ्यांची यादी फुकट. लायगोनं टिपलेल्या गुरुत्वीय लहरींचा डेटा फुकट. अन् भौतिकशास्त्रज्ञ अमल कुमार रायचौधुरी? कोलकात्यात त्यांना काम दिलं होतं धातूंवर, सापेक्षता त्यांनी स्वतःच्या हिमतीवर केली. त्यांचं 1955 चं समीकरण पुढे पेन्रोज आणि हॉकिंग यांच्या सिद्धांतांचा पाया झालं. पेन्रोजना 2020 मध्ये नोबेल मिळालं ते याच वाटेवरच्या कामाला.

एक प्राध्यापिका
रायचौधुरींचं उदाहरण तुम्ही उलटं वाचलंत. त्यांना मनासारखं काम करू दिलं नाही, ही मिरवायची गोष्ट आहे का? ते होते म्हणून निभावलं. जे नाही निभावू शकले त्यांची नावं आपल्याला ठाऊकच नाहीत.

माझं सांगते. पीएच.डी. इकडच्याच एका कॉलेजातून केली. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या चकतीचं गणित होतं. सहा महिने उत्तर येईना. पुण्याच्या एका कार्यशाळेत, चहाच्या टेबलावर, एका पोस्टडॉकनं (पीएच.डी. नंतर संशोधन करणाऱ्यानं) माझी वही दोन मिनिटं पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही मेट्रिक वजा-अधिक-अधिक-अधिक घेतलंय, ज्या पेपरातून सूत्र उचललंय त्यात नेमकं उलटं आहे." म्हणजे अवकाश-काळातलं अंतर मोजायच्या सूत्रातली चिन्हंच उलटी. सहा महिने! डेटा फुकट मिळतो, दादा. शेजारी बसून वही पाहणारा माणूस मिळत नाही.

महालकर
मान्य. पण सगळे हुशार गेले तर इथं वही पाहणारा तयार कधी होणार, ताई? तुम्ही थांबलात म्हणून तुमच्या पोरांची वही तरी कोणी पाहून राहिलं.

एक प्राध्यापिका
मी थांबले ते बाहेर जाऊन पाहून आल्यावर. तिलाही आधी जाऊ द्या.

सावजी_स्पेशल
अन् पोटाचं?

पुण्यातला वऱ्हाडी
जेआरएफ (पीएच.डी. करताना मिळणारी शिष्यवृत्ती) 37,000 महिना आहे भाऊ. पुण्यात खोलीभाडं देऊन सावजीपुरते उरतात.

धरमपेठचा मामा
ताईंचा चहाच्या टेबलाचा किस्सा भाचीला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, जेस्टचा (भौतिकीच्या संशोधन संस्थांच्या प्रवेश परीक्षेचा) फॉर्म कधी निघतो ते शोधत बसली. माझं मत अजून पुरतं बदललं नाही, बोट मात्र डोक्यातून जात नाही.
रात्री तिनं निर्देशांक 5 घातला अन् झोपली. सकाळी कळलं, 5 ला त्रिज्या अनंत, तारा संपतच नाही, प्रोग्राम आपला एकेक पाऊल बाहेर चाललाच होता. पहाटे लाइट गेली तेव्हा थांबला.