हायब्रिडचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या: शेअर घेण्याआधी काय तपासायचं?

कोरडवाहू: हायब्रिड गाड्या बनवणाऱ्यांपेक्षा त्यांना मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणारा भाग), बॅटरी पुरवणाऱ्यांचे शेअर घ्यायचा विचार आहे. यादीत डेन्सो, आयसिन, बोर्गवॉर्नर, व्हॅलिओ. ऑर्डर बुक सगळेच भरघोस दाखवतात. तुलना कशी करायची?

रोटर: आधी कुठली हायब्रिड ते बघा. ४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिडमध्ये (मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते) बेल्टवरचा स्टार्टर-जनरेटर असतो, साधारण १०-१५ किलोवॅटचा. बॅटरी जेमतेम. फुल हायब्रिडमध्ये (थोडं अंतर नुसत्या मोटरवरही चालते) बहुधा दोन मोटर आणि इन्व्हर्टर, पण बॅटरी १-२ किलोवॅट-तासाचीच. प्लग-इनला (बाहेरून चार्ज होणारी) ती १० च्या पुढे जाते. म्हणजे हायब्रिड खपल्या की बॅटरीवाल्यांची चांदी, हे प्लग-इनपुरतंच खरं. फुल हायब्रिडचा पैसा मोटर, इन्व्हर्टर आणि ट्रान्सअ‍ॅक्सलकडे (गिअर आणि डिफरन्शियल एकत्र असलेला भाग) जातो.

पेटंटांपायी जास्त भाव देऊ नका. टोयोटाने २०१९ मध्येच २३,७४० पेटंट २०३० अखेरपर्यंत विनारॉयल्टी खुली केली आहेत.

ताळेबंद: ऑर्डर बुक म्हणजे विक्री नव्हे. मॉडेल बाजारात असेल तितक्या वर्षांचा अंदाजे खप गुणिले दर, एवढाच तो आकडा. बहुतेक करारांत किमान खरेदीची हमी नसते. गाडी आपटली तर ऑर्डर आटते, टूलिंगचा (त्या भागासाठी घेतलेल्या साच्यांचा, यंत्रांचा) घसारा मात्र चालूच. वर दरसाल भाव उतरवून देण्याची अटही असते.

वार्षिक अहवालात आधी सेगमेंटची (व्यवसायातल्या विभागवार आकड्यांची) टीप उघडा. हायब्रिडचा आकडा वेगळा दिलाय की सगळं 'इलेक्ट्रिफिकेशन'मध्ये कोंबलंय? कोंबलं असेल तर मी तरी पुढे वाचत नाही. मग सर्वांत मोठ्या ग्राहकाचा वाटा बघा. डेन्सोची निम्म्याच्या आसपास विक्री टोयोटा समूहाला होते, आयसिनची त्याहून जास्त. दोन्ही घेऊन जोखीम विभागली असं समजू नका, दोन्हीकडे डाव टोयोटावरच लागतो.

शेवटी, संशोधनाचा खर्च त्याच वर्षी वजा न करता मालमत्तेत किती टाकलाय ते पाहा. तिथे नफा फुगतो, रोकड येत नाही.

कोरडवाहू: आणि मोटरमधल्या चुंबकांचं काय?

रोटर: तपासाच. मोटर तापली की निओडिमियम चुंबकाचं बळ घटतं, म्हणून त्यात डिस्प्रोसियम, टर्बियम ही जड दुर्मिळ मूलद्रव्यं घालतात. एप्रिल २०२५ पासून चीनमधून हे दोन्ही बाहेर न्यायला परवाना लागतो. होंडा आणि दाइदो स्टीलने २०१६ मध्येच जड दुर्मिळ मूलद्रव्यांशिवाय हायब्रिड मोटरचं चुंबक केलं होतं, म्हणजे पर्याय आहे. तुमच्या यादीतल्या कंपनीकडे तो उत्पादनात आहे की नुसता सादरीकरणात, हे गुंतवणूकदारांच्या कॉलमध्ये विचारा.