‘गॅसलिट’ मालिकेतील मार्था मिचेल आणि फ्रँक विल्स : पडद्यावरचे कितपत खरे?

प्रश्न

‘गॅसलिट’ ही आठ भागांची अमेरिकी मालिका (२०२२) नुकतीच पाहून संपवली आणि दोन दिवस तिच्यातून बाहेर पडता आलेले नाही. वॉटरगेट, म्हणजे विरोधी पक्षाच्या वॉटरगेट इमारतीतल्या कार्यालयात झालेली घरफोडी आणि ती दडपण्याचे प्रकरण, म्हटले की राष्ट्राध्यक्ष निक्सन, त्यांच्या ध्वनिफिती आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे दोन बातमीदार एवढेच मला ठाऊक होते. इथे मात्र कथेच्या मध्यभागी मार्था मिचेल आहे; म्हणजे निक्सन यांचे ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, राहिलेले आणि पुढे त्यांच्या फेरनिवडणुकीच्या समितीचे प्रमुख झालेले जॉन मिचेल यांची पत्नी. ज्युलिया रॉबर्ट्सने ती भूमिका फार समजून केली आहे. हॉटेलच्या खोलीत मार्थाला डांबून ठेवतात, हातातला फोन हिसकावतात, बळजबरीने इंजेक्शन देतात, हे सारे खरोखर घडले होते की नाट्यासाठी वाढवले आहे? आणि ज्याच्यामुळे चोर पकडले गेले, त्या फ्रँक विल्स या रखवालदाराच्या वाट्याला एवढी थोडी जागा का यावी?

प्रतिसाद १

संवाद आणि खासगी प्रसंग अर्थातच लेखकाचे आहेत, पण गाभा खरा आहे. १७ जून १९७२ रोजी वॉशिंग्टनमध्ये घरफोडी झाली तेव्हा मिचेल दांपत्य कॅलिफोर्नियात होते. जॉन मिचेल राजधानीत परतले आणि मार्थाला मागे ठेवून, तिच्यापर्यंत बातमी पोहोचू नये अशी व्यवस्था करून गेले. कारण उघड होते. पकडलेल्या पाच जणांमधला जेम्स मॅककॉर्ड हा त्याच समितीचा सुरक्षाप्रमुख होता आणि मार्था त्याला चांगली ओळखत होती. त्याचे नाव वाचताच तिला सगळा उलगडा होणार होता, आणि तसा तो झालाही.

२२ जूनला ती ‘यूपीआय’ या वृत्तसंस्थेच्या बातमीदार हेलन थॉमस यांच्याशी फोनवर बोलत असताना पहारेकऱ्याने तो फोन ओढून घेतला. पलीकडे थॉमस यांना मार्थाचा चढलेला आवाज ऐकू आला आणि लगेच फोन बंद पडला. त्यांनी पुन्हा फोन लावला तेव्हा बाई बोलण्याच्या स्थितीत नाहीत, असे सांगण्यात आले. पुढे डॉक्टरला बोलावून तिला गुंगीचे इंजेक्शन दिले गेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो याहून वेगळा नसतो. बाहेर आल्यावर तिने हे सगळे सांगितले, तेव्हा ती दारू पिते, तिचे डोके ठिकाणावर नाही, अशी कुजबुज पद्धतशीर पसरवली गेली. १९७५ मध्ये मॅककॉर्डनेच तिच्या सांगण्याला दुजोरा दिला. पुढच्याच वर्षी, ३१ मे १९७६ रोजी, ती कर्करोगाने गेली. तिच्या अंत्यविधीला ‘मार्थाचे बरोबर होते’ अशा अर्थाची अक्षरे असलेली फुलांची आरास आली होती. निक्सन यांनी मात्र १९७७ च्या मुलाखतीत, मार्था नसती तर वॉटरगेटही झाले नसते, असे म्हणून साऱ्याचे खापर तिच्याच माथी फोडले.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला मानसशास्त्राच्या अंगाने एक जोड देतो. रुग्ण सांगतो ते प्रत्यक्षात खरे असते, पण ते इतके अविश्वसनीय वाटते की तपासणारा पडताळणी न करताच त्याला भ्रम ठरवून मोकळा होतो, अशा चुकीला ‘मार्था मिचेल परिणाम’ असे नाव आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडन माहर यांनी ते दिले. या विषयात काम करताना मला ते वारंवार आठवते, कारण ‘माझ्यावर पाळत आहे’ हे वाक्य ऐकताच आपले अर्धे मत तिथेच बनलेले असते.

प्रतिसाद ३

दुसऱ्या प्रश्नाविषयी माझी मालिकेवर नाराजी आहे आणि ती मी स्पष्टच मांडते. निक्सन यांचे व्हाइट हाउसमधील कायदेशीर सल्लागार जॉन डीन आणि त्यांची पत्नी मो यांच्या प्रेमकथेला जेवढा वेळ दिला आहे, त्यातला निम्मा तरी फ्रँक विल्सला द्यायला हवा होता. मालिका वॉटरगेटमधल्या दुर्लक्षित माणसांची म्हणवते, मग डीन यांना दुर्लक्षित कसे म्हणावे? सिनेटच्या समितीपुढची त्यांची साक्ष १९७३ मध्ये साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली.

फ्रँक तेव्हा २४ वर्षांचा होता आणि आठवड्याला सुमारे ८० डॉलर पगारावर वॉटरगेट इमारतीत रात्रपाळी करत होता. फेरी मारताना त्याला दाराच्या कुलपाच्या जिभेवर चिकटपट्टी दिसली. ती आडवी लावलेली असल्यामुळे दार मिटलेले असतानाही तिची टोके बाहेर डोकावत होती. कामगार विसरले असतील असे समजून त्याने ती काढून टाकली. काही वेळाने तो परत आला, तर त्याच जागी नवी पट्टी! दुसरा कोणी असता तर पुन्हा काढून पुढे गेला असता. त्याने पोलिसांना फोन केला.

पुढे काय झाले? त्या प्रकरणावरच्या १९७६ च्या गाजलेल्या चित्रपटात त्याने स्वतःचीच छोटी भूमिका केली, पण स्थिर नोकरी त्याला फारशी लाभली नाही. १९८३ मध्ये बुटांचा एक जोड चोरल्याबद्दल त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. कटात दोषी ठरलेल्या जॉन मिचेल यांनी तुरुंगात काढले ते १९ महिने. या दोन शिक्षा शेजारी ठेवून पाहिल्यावर मला पुढचा भाग लावण्याची इच्छा उरली नव्हती. सन २००० मध्ये, ५२ व्या वर्षी, फ्रँक वारला.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. फ्रँकविषयी वाचल्यावर त्याच्या पाळीच्या नोंदवहीच्या पानाचे छायाचित्र शोधून पाहिले. मूळ पान अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेले आहे. रात्री १ वाजून ४७ मिनिटांची नोंद आहे : दारांवर पट्टी सापडली, पोलिसांना बोलावले. स्पेलिंगच्या चुकांसह, घाईच्या अक्षरात, रोजच्या इतर नोंदींच्याच ओळीत.