मदत हवी आहे: आमच्या लॅबला तिसऱ्यांदा फीट आली, कायमची गोळी सुरू करू का?

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचनमात्रच असते, फार तर लोणच्याच्या धाग्यावर एखादा प्रतिसाद. आज थेट मदत मागायला आले आहे, सांभाळून घ्या.

आमचा ढब्बू. लॅब्राडोर, नर, सव्वातीन वर्षांचा, वजन ३४ किलो (डॉक्टरांच्या मते ३० हवं, तो वाद वेगळा). आम्ही सांगलीत राहतो, तळमजल्यावर. लसी सगळ्या झालेल्या, जंताचं औषध वेळच्या वेळी.

पहिली फीट मार्चमध्ये आली. पहाटे चार-सव्वाचारला स्वयंपाकघरात स्टीलचा वाडगा खडखडायला लागला. उंदीर असेल म्हणून उठले. लाइट लावला तर ढब्बू आडवा पडलेला, मान मागे ताणलेली, चारही पाय पोहत असल्यासारखे चाललेले, आणि त्यातला एक पाय वाडग्यावर आपटत होता. तोंडाला फेस. डोळे उघडे, पण त्यात ढब्बू नव्हता. खाली सू झालेली. आणि मी काय करावं? जीभ गिळेल या भीतीने त्याच्या तोंडात बोटं घातली. उजव्या हाताला तीन टाके पडले, वर रेबीजची इंजेक्शनं. तेवढ्यात सासूबाईंनी धावत येऊन त्याच्या नाकाला चप्पल लावली. योगायोगाने त्याच वेळी झटके थांबले, त्यामुळे आमच्या घरात सगळं श्रेय चपलेला आहे. (तासाभराने ढब्बूने तीच चप्पल खाल्ली.)

झटके असतील दीड-दोन मिनिटं, पण नंतरचा तास जास्त वाईट होता. त्याला दिसत नसावं. भिंतीला धडकत घरभर फिरत होता, देवघराच्या दारात अडकून उभा राहिला, हाक मारली तरी ओळख नाही. मग एकदम भूक. रात्रीचा उरलेला भात, दोन भाकऱ्या, आणि आधी सांगितलेली चप्पल.

दुसरी फीट जूनमध्ये, तिसरी आता ऑगस्टमध्ये, गेल्या गुरुवारी. अंतर कमी होतंय हे मलाही कळतंय. रक्ततपासणी केली: साखर, कॅल्शियम, लिव्हर, किडनी, गोचिडताप, सगळं ठीक. आमचे डॉक्टर म्हणाले, या वयात, या जातीत, दोन फिटांच्या मध्ये कुत्रा एकदम नॉर्मल असेल तर बहुतेक वेळा हा अपस्मारच असतो, ज्याचं कारण सापडत नाही. मेंदूचा एमआरआय करायचा तर मुंबई गाठावी लागेल. त्यांनी फिनोबार्बिटोन लिहून दिलं आहे, ६० मि.ग्रॅ.ची दीड गोळी सकाळ-संध्याकाळ, बहुधा जन्मभर.

घरात दोन तट आहेत. नवरा म्हणतो आजच सुरू कर. सासरे म्हणतात माणसाची गोळी कुत्र्याला दिली तर लिव्हर जाईल, त्यापेक्षा त्याला मळ्यात ठेवू, मोकळी हवा मिळेल. चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेले तर त्यांनी "कुत्र्याच्या नावावर ही गोळी देत नाही" म्हणून परत पाठवलं. म्हणून गोळी अजून सुरूच झालेली नाही, आणि मी रात्री वाडग्याकडे कान लावून पडलेली असते. वाडगा आता प्लॅस्टिकचा आणला आहे, तरी.

ज्यांनी हे घरात काढलंय त्यांनी सांगा. तीन फिटांवर जन्मभराची गोळी ही घाई आहे का? लिव्हरचं खरंच कितपत होतं? आणि मी शाळेत शिकवते, दिवसा पाच तास तो फक्त सासू-सासऱ्यांसोबत असतो. तेव्हा फीट आली तर त्या दोघांनी नेमकं काय करायचं?

— दुधीभोपळा

रानवाट
तोंडात हात नाही, चमचा नाही, पाणी नाही, कांदा नाही, चप्पल नाही. कुत्रा जीभ गिळत नाही. बोटं वाचली हे नशीब. डोक्याखाली उशी सरकवा, आजूबाजूच्या खुर्च्या बाजूला करा आणि घड्याळ बघा. बाकी जाणकार सांगतीलच.

वासरू_ते_मांजर
मी पशुवैद्य आहे, सातारा जिल्ह्यात. ढब्बूला तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

गोळी सुरू करण्याची घाई होते आहे असं मला वाटत नाही. सर्वसाधारण नियम असा आहे की सहा महिन्यांत दोन किंवा जास्त फिटा आल्या, एका दिवसात लागोपाठ आल्या, किंवा एकच फीट पाच मिनिटांवर गेली, तर औषध सुरू करायचं. तुमच्या मार्च ते ऑगस्टमध्ये तीन झाल्या. वाट बघण्यात फायदा नाही, प्रत्येक फीट पुढच्या फिटेची वाट सोपी करते असं मानणारे बरेच आहेत. अकारण अपस्माराची सुरुवात साधारण सहा महिने ते सहा वर्षं या वयात होते, ढब्बू त्यात बसतो. तो दहा वर्षांचा असता तर मी आधी एमआरआयचा आग्रह धरला असता.

डोस बरोबर आहे. किलोला अडीच-तीन मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, म्हणजे ३४ किलोला ९० च्या आसपास. पहिले दोन आठवडे तो झिंगल्यासारखा चालेल, मागचे पाय लटपटतील, तहान-भूक-सू तिन्ही वाढेल. घाबरून बंद करू नका. झिंग बहुतेक वेळा उतरते, भूक मात्र राहते. रक्तातली पातळी स्थिर व्हायला दोन आठवडे लागतात, त्यामुळे तीन आठवड्यांनी औषधाची पातळी तपासायची आणि नंतर सहा-सहा महिन्यांनी पातळी व लिव्हर दोन्ही.

लिव्हरबद्दल तुमच्या सासऱ्यांची भीती पोकळ नाही. जास्त डोसवर वर्षानुवर्षं ठेवलं तर त्रास होऊ शकतो. पण एक गंमत लक्षात ठेवा. या गोळीने रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज हा आकडा एरवीही चढतो, लिव्हर ठणठणीत असलं तरी. तो एकटा आकडा लाल दिसला म्हणून गोळी बंद करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा कुत्रा चौथ्या दिवशी थांबत नसलेल्या फिटेत दवाखान्यात येतो. ही गोळी कधीही एकदम बंद करायची नाही. कमी करायची तर महिनोन्‌महिने, डॉक्टरांच्या हाताखाली.

दुकानाचं म्हणाल तर त्यांचीही बाजू आहे, हे औषध नियंत्रित यादीतलं आहे. चिठ्ठीवर तुमचं पूर्ण नाव-पत्ता, "कुत्रा, ढब्बू, ३४ किलो", डोस, किती दिवसांच्या गोळ्या, तारीख, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का हे सगळं असू द्या. मोठ्या हॉस्पिटलच्या आवारातल्या दुकानात सहसा मिळतं. मिळाल्यावर महिनाभराच्या गोळ्या शिल्लक असतील अशा बेताने पुढची आणत जा.

आणि मळ्यात विहीर आहे का?

दुधीभोपळा
आहे. कठडा अर्धाच आहे. हा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. सासऱ्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, पण मळ्याचा विषय पुन्हा निघालेला नाही.

बीगलवाली_डोंबिवली
ताई, आमची पाच वर्षं झाली या गोळीवर. बीगल, आता आठ वर्षांची. फिटा पूर्ण थांबल्या नाहीत, आधी महिन्याला दोन यायच्या, आता वर्षाला दोन-तीन येतात. "बंद होतील" अशी आशा ठेवून सुरू केलं की पहिल्याच फिटेला माणूस खचतो, म्हणून हे आधीच सांगते.

आमच्याकडे फ्रिजवर एक वही टांगलेली आहे. तारीख, वेळ, किती सेकंद, आधी काय केलं, नंतर किती वेळ सैरभैर. पहिल्यांदा कोणालाही वेळेचा अंदाज येत नाही. माझे मिस्टर "दहा मिनिटं" म्हणाले होते, व्हिडिओत ७० सेकंद निघाली. व्हिडिओ नक्की काढा, डॉक्टरांना त्याचा शंभर वर्णनांहून जास्त उपयोग होतो.

सासू-सासऱ्यांसाठी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा: पंखा फुल, टीव्ही बंद, जवळ जाऊन तोंडाला हात लावायचा नाही, घड्याळ बघायचं, तीन मिनिटं झाली की तुम्हाला फोन, पाच मिनिटं झाली की रिक्षा. रिक्षावाल्याचा नंबर त्याच कागदावर. शुद्धीवर येताना तो ओळखीच्या माणसालाही चावू शकतो, त्यामुळे मिठी मारायला जायचं नाही. जिन्याला आणि गच्चीला फळी.

गोळीची वेळ सात आणि सात. लग्न असो, बारसं असो, सात म्हणजे सात. भुकेचं काय करायचं ते तुम्ही शिकालच. आमची एकदा दळणाचा डबा उघडून बसली होती.

आयुर्वेदप्रेमी
ब्राह्मी आणि गाईचं तूप नाकात दोन थेंब. माझ्या मावसभावाच्या कुत्र्याची फीट कायमची गेली. या इंग्रजी गोळ्यांच्या नादी लागू नका.

वासरू_ते_मांजर
तुमच्या मावसभावाच्या कुत्र्याला आनंदाने जगू द्या. काही कुत्र्यांना आयुष्यात एकच फीट येते, मग तूप घातलं काय नि न घातलं काय. पण फीट चालू असताना नाकातोंडात तेल-तूप घालू नका. फुफ्फुसात गेलं तर फिटेपेक्षा ते जड जाईल.

ताई, घरी ठेवायच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे माणसांसाठी मिळतो, किती फवारे ते डॉक्टर वजनावरून लिहून देतील. पाच मिनिटांवर गेलेल्या फिटेत दवाखाना गाठेपर्यंत त्याचा आधार होतो. काही जण डायझेपाम गुदद्वारातून देतात, तेही चालतं, पण सिरिंजमध्ये आधीच भरून ठेवू नका, औषध प्लॅस्टिकला चिकटतं आणि ऐन वेळी अर्धंच पोचतं.

दुधीभोपळा
एक विचारायचं राहिलं. मार्चमधल्या फिटेच्या दहा दिवस आधी त्याला गोचिडांची चघळायची गोळी दिली होती, तीन महिने चालते ती. जूनमध्येही दिली. काही संबंध?

वासरू_ते_मांजर
विचारलंत हे बरं केलंत. गोचिडांच्या आयसोक्साझोलिन गटातल्या गोळ्यांबद्दल (तुमची बहुधा त्यातलीच) अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१८ साली सूचना काढली होती की काही जनावरांत झटके, तोल जाणं असे प्रकार दिसले आहेत. बहुतेक कुत्र्यांना त्या सोसतात, मीही देतो. पण फिटांचा इतिहास असलेल्याला मी देत नाही. तिच्यामुळेच झालं असं सिद्ध करता येणार नाही, पण तीन महिने चालणारी जूनची गोळी ऑगस्टमध्येही अंगात होतीच. म्हणून पाकिटावरचं नाव डॉक्टरांना दाखवा आणि पुढच्या वेळी दुसरा पर्याय मागा. गोचिडं मात्र सोडू नका, गोचिडतापाने वेगळंच लचांड होईल.

जाता जाता इतर वाचकांसाठी: पिल्लाला किंवा लस न झालेल्या कुत्र्याला फीट आली, चघळल्यासारखा जबडा हलतोय, नाक-डोळे वाहताहेत, तर डिस्टेंपरची (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य आजार) शंका घ्या. आणि चावलेलं-भटकलेलं माहीत नसेल तर रेबीजचीही. तिथे घरगुती काही करत बसू नका.

दुधीभोपळा (सात आठवड्यांनी)
धागा वर काढते आहे.

गोळी सुरू केली. पहिले नऊ दिवस ढब्बू दारू प्यायल्यासारखा चालायचा, एकदा तुळशीवृंदावनाला टेकून उभ्या उभ्या झोपला. सासूबाई रडल्या. दहाव्या दिवसापासून सरळ झाला. तीन आठवड्यांनी पातळी तपासली, २४ आली, डॉक्टर म्हणाले छान. अल्कलाइन फॉस्फेटेज चढलेलं आहेच. इथे वाचलं नसतं तर मी त्या रात्री गोळी बंद केली असती.

मधे एक फीट आली, सप्टेंबरच्या शेवटी, दुपारी, मी शाळेत असताना. सासऱ्यांनी पंखा लावला, खुर्च्या सरकवल्या आणि कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवलं: १ वाजून १२ मिनिटे, झटके ५५ सेकंद, नंतर २० मिनिटे भिंतीकडे तोंड. मी घरी आले तर दोघे अंगणात बसले होते. चप्पल कोणी काढली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, मनात आलं होतं.

सातची गोळी आता सासरेच देतात, भाकरीच्या तुकड्यात दाबून. मळ्यातल्या विहिरीचा कठडा त्यांनी परस्पर पूर्ण करून घेतला. का ते विचारलं नाही.

आता पुढचा प्रश्न, बीगलवाल्या ताईंसाठी खास. वजन ३६ झालंय आणि भूक आवरत नाही. तुमच्या दळणाच्या डब्याचा किस्सा वाचून हसले होते, परवा आमच्याकडे ज्वारीच्या पिठाचा झाला. डॉक्टरांनी जेवण मोजून द्यायला आणि मधल्या वेळी काकडी, उकडलेला दुधी द्यायला सांगितलंय. दिवसाला किती काकड्या चालतात? आज चार झाल्या आहेत आणि साहेब पाचवीसाठी फ्रिजसमोर बसले आहेत.