मदत हवी आहे: आईबाबांसोबत गार्डा सरोवर – मुक्काम रीव्हाला करावा की देझेन्झानोला?

नमस्कार मंडळी,

आईबाबा जूनमध्ये मिरजेहून आमच्याकडे म्युनिकला येत आहेत. इथले लोक सुट्टी लागली की आल्प्समधली ब्रेनर खिंड ओलांडून इटलीतलं गार्डा गाठतात. आईबाबांनाही तिथेच न्यावं असं आम्ही ठरवलं आहे, पण गाव कुठलं निवडावं यावर आठवडाभर घोळ चालू आहे. ज्यांनी घरातल्या मोठ्यांना घेऊन हा प्रवास केलाय, त्यांनी कृपया मनावर घेऊन लिहा.

आधी माणसं सांगते, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.

आईला निवांतपणा हवा असतो, पण सुनसान जागा सोसत नाही. बव्हेरियातल्या खेड्यांत संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं, ते तिला भकास वाटतं. तिला गाव जागं हवं. पाण्याकाठी बाकावर बसायचं, येणारी-जाणारी माणसं बघायची, आठवडी बाजारात एकही शब्द कळत नसताना टोमॅटोचा भाव विचारायचा, यात ती खरी रमते. शाकाहारी आहे, अंडंही खात नाही.

बाबांचं निराळं. नोकरी सांभाळून त्यांनी उभा जन्म रक्तदान शिबिरं भरवली. रेडक्रॉसची कल्पना ज्या लढाईतून निघाली ते सोल्फेरिनो गार्डाच्या दक्षिणेला आहे, हे त्यांना नकाशात दिसलं आणि तेव्हापासून दर रविवारच्या फोनवर तोच विषय असतो. २४ जून १८५९ ला तिथे काय झालं ते मला आता पाठ झालंय. पण त्यांचा उजवा गुडघा दुखतो. सपाटीवर तास-दीड तास आरामात चालतात, जिने आणि दगडी चढ मात्र जिवावर येतात.

आमच्याकडे गाडी नाही. लेक अजून किंडरगार्टनमध्ये आहे, त्यामुळे शाळेच्या सुट्ट्यांचं बंधन नाही.

आतापर्यंत कळलं ते असं: गार्डा हे इटलीतलं सगळ्यात मोठं सरोवर, सुमारे ३७० चौरस किलोमीटरचं. उत्तरेकडे ते डोंगरांत शिरत निमुळतं होतं, दक्षिणेकडे पसरतं आणि काठची जमीनही सपाट होत जाते. रीव्हा उत्तर टोकाला, देझेन्झानो नैऋत्य कोपऱ्यात. माल्चेझिने आणि लिमोने फोटोंत फार सुंदर दिसतात, पण दोन्हीकडे चढउताराच्या गल्ल्या आहेत असं ऐकलं, म्हणून मुक्कामासाठी बाजूला ठेवली.

रीव्हाला डोंगर आहेत, देझेन्झानोजवळ सोल्फेरिनो आहे. संध्याकाळी कुठे जास्त जाग असते? गाडीशिवाय कुठे कमी हाल होतील? आणि आईच्या जेवणाचं काय करावं?

– कृष्णाकाठ

---

रानवाटा

रीव्हा. आमच्या सासूबाई सत्तरीच्या पुढे होत्या तेव्हा त्यांना नेलं होतं, खूश होऊन परत आल्या.

म्युनिकहून व्हेरोनाकडे जाणारी थेट गाडी रोव्हेरेतोला थांबते. तिथून बसने तासाभराच्या आत रीव्हा. सामान फक्त एकदा उतरवायचं.

गाव सपाट आहे. धक्क्यासमोर मोठा चौक, त्यात आपोनाले नावाचा जुना उंच मनोरा, तीन बाजूंना कमानींखाली दुकानं आणि कॅफे. संध्याकाळी सगळं गाव तिथे उतरतं. काठाकाठाने शेजारच्या तॉर्बोले गावापर्यंत पायवाट जाते. ती जवळपास पूर्ण सपाट आहे आणि मध्ये बसायला बाकही आहेत. काकांना वाटलं तिथून मागे फिरता येतं. वरचा बुरूज बघायचा असेल तर आता काचेची लिफ्ट झाली आहे, गुडघ्याला त्रास नाही.

वाऱ्याचं आधीच सांगून ठेवते. सकाळी उत्तरेकडून पेलेर वाहतो, दुपार झाली की दक्षिणेकडून ओरा सुरू होतो. ओरा म्हणजे झुळूक नव्हे. तॉर्बोलेला जगभरातून शिडं घेऊन लोक येतात ते याच वाऱ्यासाठी. भर दुपारी पाण्याच्या कडेला साडी सावरता सावरता पुरेवाट होते. मावशींना त्या वेळी चौकात कमानींखाली बसवा आणि ऊन उतरल्यावर, वारा पडला की काठावर न्या.

तुम्हाला जर्मन येत असेलच. रीव्हा पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं आणि आजही पाहुणे बहुतेक जर्मन बोलणारे, त्यामुळे हॉटेलात, दुकानात, दवाखान्यात अडत नाही. आईबाबा बरोबर असताना हे फार उपयोगी पडतं.

---

इझारकाठचा

कुठेही राहा, पण बव्हेरियातल्या शाळांना पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवड्यांची सुट्टी असते, त्यात जाऊ नका. अर्धं म्युनिक तिथेच असतं आणि खोल्यांचे भाव बघवत नाहीत. तुम्हाला शाळेचं बंधन नाही तर त्यानंतरचे दिवस धरा.

आईबाबांचा जर्मनीचा शेंगेन व्हिसा इटलीत चालतो, पण पासपोर्ट जवळ ठेवा. परतताना जर्मनीच्या हद्दीवर पोलीस गाडीत चढून तपासतात आणि इटलीत हॉटेलवालेही नोंदीसाठी मागतात. विम्याच्या कागदाची एक प्रत बाबांच्या खिशात असू द्या.

---

पोलेंटा आणि पिठलं

ताई, मी ब्रेशियाजवळ राहते, देझेन्झानो आमच्याच जिल्ह्यात येतं. रीव्हाबद्दल वर लिहिलंय ते सगळं बरोबर आहे. पण तुमच्या घरच्या माणसांचं वर्णन वाचून मी देझेन्झानोच म्हणेन.

ते नुसतं पर्यटकांचं गाव नाही. मिलान-व्हेनिस मार्गावरचं स्टेशन आहे, शाळा-कॉलेजं आहेत, बारा महिने माणसं राहतात. व्हेनिसच्या राज्यात या सरोवरावरचा धान्याचा मोठा बाजार इथे भरायचा आणि आजही गावाचा जीव बाजारातच आहे. मंगळवारी सकाळी काठावर आठवडी बाजार लागतो. चीज, जैतून, चपला, पडद्याचं कापड, बायकांचे गाऊन, सगळं एका ओळीत. आजीबाई हातात पीच घेऊन देठाशी वास घेतात आणि पसंत नसेल तर परत ठेवतात. तुमच्या आईला तिथून हलवणं कठीण जाईल, मंगळवार धरूनच मुक्काम ठरवा.

संध्याकाळी जुन्या बंदराभोवती आणि मागच्या मालवेत्सी चौकात पाय ठेवायला जागा नसते. लहान मुलं, कुत्री, आजोबा, सगळे बाहेर. शुक्रवार-शनिवारी मिलान आणि ब्रेशियाकडची तरुण मंडळी येतात आणि रात्री उशिरापर्यंत आवाज असतो. म्हणून खोली बंदरावर घेऊ नका, दोन गल्ल्या मागे घ्या. तेवढ्याने झोप मिळते. स्टेशन वर आहे आणि सरोवर खाली, उतार पंधरा मिनिटांचा आहे. सामान घेऊन काकांना चालवू नका, टॅक्सी करा.

सिर्मिओनेला बोटीने वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पाण्यात उभा असलेला किल्ला बोटीतूनच सगळ्यात छान दिसतो. सकाळची पहिली-दुसरी बोट पकडा, अकरानंतर त्या अरुंद गल्लीत खांद्याला खांदा लागतो.

आता सोल्फेरिनो. हे नीट वाचा, कारण काकांसाठी तोच खरा प्रवास आहे.

जागा तीन आहेत. सान मार्तिनो देझेन्झानोच्याच हद्दीत आहे. त्याच दिवशी तिथे पिडमॉन्ट या तेव्हाच्या इटालियन राज्याचं सैन्य ऑस्ट्रियाशी लढलं आणि सोल्फेरिनोला फ्रेंच लढले. सान मार्तिनोला १८९३ मध्ये स्मारकाचा मनोरा उभारला. वर जायला आत जिन्याऐवजी वळसे घेत जाणारा उतारवजा रस्ता आहे आणि प्रत्येक दालनात भिंतभर चित्रं आहेत. काकांना हळूहळू जमेल, दालनागणिक थांबता येतं.

सोल्फेरिनोला टेकडीवर सरूच्या झाडांमध्ये रेडक्रॉसचं स्मारक आहे, तिथे देशोदेशीच्या नावांचे संगमरवर लावले आहेत. खाली चर्चमध्ये अस्थी ठेवल्या आहेत. लढाईत पडलेल्या सैनिकांच्या कवट्या छतापर्यंत रचल्या आहेत, कुठल्या बाजूचा कोण हे न बघता. आईंना आणि लेकीला आत नेण्याआधी विचार करा. काकांना मात्र बघू द्या.

तिसरी जागा कास्तिल्योने, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. जखमी हजारोंनी तिथे आणले गेले. हेन्री ड्यूनां हा जिनिव्हाचा व्यापारी आपल्या धंद्याच्या कामासाठी फ्रेंच सम्राट नेपोलियन तिसऱ्याला भेटायला आला होता. तो थांबला आणि चर्चमध्ये गावातल्या बायकांबरोबर जखमींना पाणी देत, पट्ट्या बांधत राहिला. त्या बायका फ्रेंच की ऑस्ट्रियन हे बघत नव्हत्या. ‘सगळे भाऊच’ असं त्या म्हणत होत्या. १८६२ मध्ये त्याने हे सगळं लिहून छापलं, त्यातून पुढे रेडक्रॉस उभी राहिली आणि १८६४ चा जिनिव्हा करार झाला. १९०१ चं पहिलं शांततेचं नोबेल त्याला मिळालं, दुसऱ्या एकाबरोबर वाटून. ते मोठं चर्च आजही आहे आणि जवळच रेडक्रॉसचं संग्रहालय. जुन्या रुग्णवाहिका-गाड्या, शस्त्रक्रियेची हत्यारं, स्ट्रेचर. ज्यांनी आयुष्यभर शिबिरांत खाटा मांडल्या त्यांना त्या स्ट्रेचरपाशी वेळ लागेल, घाई करू नका.

बसने तिन्ही ठिकाणं एका दिवसात होत नाहीत. टॅक्सी दिवसभरासाठी ठरवा आणि भाडं निघण्याआधीच बोलून घ्या. संग्रहालयाची सुट्टी आणि दुपारची बंद वेळ बघून मगच दिवस ठरवा.

---

चिंचगूळ

जेवणाचं मी सांगते, माझ्या आईचंही असंच आहे.

ताजा पास्ता बहुतेक वेळा अंड्याचा असतो, पाकिटातला सुका पास्ता बहुधा नुसत्या रव्याचा. म्हणून ‘पास्ता दि सेमोला, सेन्झा उओवा’ (रव्याचा पास्ता, अंड्याशिवाय) असं विचारा. न्योक्कीतही (बटाट्याचे छोटे गोळे) अंडं असू शकतं. रिझोत्तो दिसायला शाकाहारी, पण तो बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. ‘ब्रोदो वेजेताले?’ (भाज्यांचं पाणी आहे का?) हा प्रश्न विसरू नका. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध नासवायचं विरजण) असतं, आई ते पाळत असतील तर पेस्तो सॉसही गेला, त्यात तेच चीज असतं. मारिनारा पिझ्झा सगळ्यात निर्धास्त: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीज नाहीच. रीव्हाकडे ‘कार्ने सालादा’ पाटीवर सगळीकडे दिसेल, ते गोमांस आहे.

दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात आणि संध्याकाळी सातशिवाय उघडत नाहीत. म्हणून स्वयंपाकघर असलेलं घर घ्या आणि छोटा कुकर बरोबर न्या. तांदूळ, मसूर, चणे कुठल्याही दुकानात मिळतात. घर ऑनलाइन घेताना जाहिरातीत ‘सीआयएन’ (भाड्याच्या घराचा सरकारी नोंदणी क्रमांक) आहे का बघा. २०२५ पासून तो बंधनकारक आहे, नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

---

रानवाटा

पोलेंटाताईंचं वाचून मी माझं मत थोडं बदलते. दोन्ही जमवता येईल. जाताना रोव्हेरेतोला उतरून आधी रीव्हा. मग सरोवराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटीने देझेन्झानो. परत येताना व्हेरोनाहून म्युनिकची गाडी. एकही रस्ता दोनदा होत नाही आणि डोंगर मागे सरत सरत पाणी कसं रुंद होतं ते बसल्या जागी दिसतं. साधी बोट चार तासांच्या वर घेते, जलद बोट बरीच लवकर पोचते. लेकीसाठी जलद घ्या.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच बाबांशी फोन झाला. कास्तिल्योनेचं पूर्ण वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “तो चर्चचा भाग परत वाच.”

रानवाटाताई, तुमचा मार्ग नवऱ्याला एकदम पटला. थोडे दिवस रीव्हा, जास्त दिवस देझेन्झानो, त्यात मंगळवार येईल असं बघते. चिंचगूळ, रिझोत्तोचं माहीत नव्हतं, फार बरं झालं सांगितलंत.

---

पोलेंटा आणि पिठलं

मघाशी एक लिहायचं राहिलं. जूनमध्ये लढाईच्या तारखेच्या आसपास रेडक्रॉसचे स्वयंसेवक दरवर्षी सोल्फेरिनोहून कास्तिल्योनेपर्यंत मशाली घेऊन चालत जातात. अनेक देशांतून माणसं येतात, आपापल्या गणवेशात. काकांना एवढं चालायला लावू नका. कास्तिल्योनेच्या चौकात आधीच जागा धरून खुर्चीवर बसवा, मिरवणूक त्यांच्यासमोर येईल. यंदाची तारीख आधी बघा आणि मग तिकिटं काढा.

---

कृष्णाकाठ

तारीख बघितली आणि आमचे सगळे दिवस त्याप्रमाणे पुढे सरकवले. रजेचा अर्ज आज टाकते. आता फक्त एक सांगा: त्या रात्री रस्ते बंद असतात का, आणि कास्तिल्योनेहून देझेन्झानोला परतायला टॅक्सी मिळते का, की ती रात्र तिथेच खोली घ्यावी? शेवटची मशाल येण्याआधी बाबांना तिथून उठवणं माझ्याच्याने होणार नाही.

---

पोलेंटा आणि पिठलं

खोलीच घ्या. शेवटची माणसं पोचेपर्यंत बराच उशीर होतो आणि गर्दीत गाडी चौकापर्यंत येऊ शकत नाही. तिथे आतापासूनच खोल्या भरायला लागतात, आज रात्रीच बघा. लिफ्ट असलेली इमारत मागा.