बेटांमधल्या पुलाची आडोशाची बाजू आधी का गंजते?

गर्डर_१४८
नॉर्वेच्या लोफोटेन बेटांतल्या गिम्सोयस्ट्राउमेन पुलावर सेमिनार तयार करतोय. गिम्सोया आणि आउस्टवोगोया या दोन बेटांना जोडणारा हा रस्त्याचा पूल १९८१ साली सुरू झाला. लांबी ८४० मीटर, नऊ गाळे (दोन खांबांमधले भाग), सर्वांत मोठा गाळा १४८ मीटरचा, काँक्रीटचा बॉक्स गर्डर (आतून पोकळ, पेटीसारखी तुळई). दहा-बारा वर्षांतच सळया गंजायला लागल्या आणि तिथल्या रस्तेखात्याने त्याची कसून तपासणी केली. त्यात क्लोराइड (मिठातला, सळई गंजवणारा घटक) वाऱ्याच्या तोंडावरच्या बाजूपेक्षा आडोशाच्या बाजूला जास्त सापडलं. हे उलटं कसं? आणि कोकणातल्या एखाद्या वीसेक वर्षांच्या खाडीपुलाचे नमुने काढायचे झाले, तर हाच नियम धरून फक्त आडोशाची बाजू तपासली तर चालेल का?

खारावारा
उलटं वाटतं, कारण मीठ किती येतं एवढाच विचार आपण करतो. मीठ किती टिकतं ते जास्त महत्त्वाचं. लोफोटेनमध्ये वारा आणि पाऊस बहुतेक वेळा जोडीनेच येतात. वाऱ्याच्या तोंडावरच्या वेबवर (बॉक्सच्या उभ्या भिंतीवर) तुषार आदळतात, पण मागोमाग पाऊस ते धुऊन काढतो. बॉक्सला वळसा घालून वारा पलीकडे गेला की तिथे भोवरे तयार होतात, बारीक खारे थेंब आडोशाच्या वेबवर आणि तळाच्या स्लॅबवर बसतात. तिथे पाऊस पोचत नाही. थेंब सुकतो, मीठ राहतं, दमट हवेत ते पुन्हा ओलं होतं आणि आत मुरतं. वर्षानुवर्षं हेच चालतं. उंचीचाही हिशोब आहे. पाण्यापासून जितकं वर जावं तितकं क्लोराइड कमी, म्हणून खाडीच्या मध्यावरच्या उंच गाळ्यापेक्षा काठाकडचे ठेंगणे गाळे आधी बिघडतात.

आता कोकण. इथे तोच नियम डोळे मिटून लावू नका. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस समुद्राकडची बाजू धुतो, तेवढ्यापुरतं नॉर्वेचं गणित जुळतं. पण ऑक्टोबर ते मे रोज दुपारी खारे वारे वाहतात आणि धुवायला पाऊस नाही. त्या आठ महिन्यांत समुद्राकडची बाजूही मीठ साठवते. त्यामुळे दोन्ही वेब, तळाचा स्लॅब आणि पिअरचा (खांबाचा) भरती-ओहोटीतला पट्टा अशा चारही जागा घ्या. डेकच्या जॉइंटखालची पिअर कॅप विसरू नका, तिथे वरून झिरपणारं पाणी साचून राहतं.

डस्ट_सॅम्पल
नमुन्यांबद्दल लिहितो, कारण चुका तिथेच होतात.

आधी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) मोजणाऱ्या कव्हर मीटरने सळया शोधून खडूने आखा. वेबमध्ये प्रीस्ट्रेसिंगचे डक्ट, म्हणजे काँक्रीटला दाबून धरणाऱ्या ताणलेल्या तारांच्या नळ्या, असतात. त्यांची जागा ड्रॉइंगवरून निश्चित केल्याशिवाय ड्रिल लावायचंच नाही, कव्हर मीटरला खोलवरचा डक्ट दिसेलच असं नाही. मग १६ ते २० मिमीचा बिट लावून दहा-दहा मिमीच्या टप्प्याने पूड काढा: ०–१०, १०–२० असं ५० किंवा ६० पर्यंत. जवळजवळची तीन भोकं घेऊन एकाच खोलीची पूड एकत्र करा. एका भोकात नेमका मोठा खडा लागला तर सिमेंटचा अंश कमी येतो आणि आकडा फसवतो. प्रत्येक टप्प्यानंतर भोक आणि बिट हवेने साफ करा, नाहीतर वरच्या थराचं मीठ खालच्या नमुन्यात मिसळतं. पिशवी हवाबंद, तिच्यावर गाळा, बाजू, भरतीच्या रेषेपासून उंची आणि खोली लिहा. एक नमुना ८०–१०० मिमी खोलवरून घ्या. मूळ काँक्रीटमध्येच किती क्लोराइड होतं ते त्यातून कळतं. शेवटी भोकं आकसरहित मॉर्टरने बुजवा.

पहिल्या दहा मिमीत आकडा कमी आणि पुढच्या थरात जास्त आला तर लॅबला दोष देऊ नका. कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची काँक्रीटशी होणारी प्रक्रिया) आणि पावसाची धुलाई यामुळे तसं होतं. आलेख काढताना तो पहिला बिंदू बाजूला ठेवा.

गर्डर_१४८
खूप उपयोगी. एका नमुना-अहवालात ३०–४० मिमीला ०.०९ टक्के दिलंय. धोक्याची मर्यादा ०.४ टक्के वाचली होती, मग हे सुरक्षितच ना? आणि हाफ-सेल चाचणी (सळईचा विद्युतदाब मोजून गंज ओळखणारी) पुरेशी नाही का, तिला तोडफोड कमी लागते.

डस्ट_सॅम्पल
०.०९ टक्के कशाचे, हे आधी विचारा. ०.४ टक्के ही ढोबळ मर्यादा सिमेंटच्या वजनावर असते आणि लॅब बहुतेकदा काँक्रीटच्या वजनावर आकडा देते. घनमीटरला २४०० किलो काँक्रीट आणि ४०० किलो सिमेंट धरलं तर काँक्रीटच्या ०.०९ टक्के म्हणजे २.१६ किलो क्लोराइड, म्हणजेच सिमेंटच्या ०.५४ टक्के. मर्यादा ओलांडली. काँक्रीट पुलांच्या आयआरसी:११२ या भारतीय संहितेप्रमाणे ‘व्हेरी सिव्हिअर’ (अतितीव्र) परिस्थितीसाठी कव्हर ५० मिमी. ते खरंच जागेवर असेल तर सळईपाशी क्लोराइड अजून मर्यादेत असू शकतं. पण कव्हर-ब्लॉक सरकून जागेवर ३५ मिमीच राहिलं असेल तर गंज सुरू झालेला असेल. म्हणून क्लोराइडचा आकडा त्याच जागी मोजलेल्या कव्हरशेजारी ठेवूनच वाचायचा, ड्रॉइंगवरच्या कव्हरशेजारी नाही. प्रीस्ट्रेसिंग असेल तर मर्यादा याहून कडक धरा.

मल्टिमीटर
हाफ-सेल उपयोगी आहे, पण एकटी नाही. एका जागी कव्हर फोडून सळईला तार जोडा, दूरच्या दुसऱ्या सळईशी रोध मोजा. एक ओहमच्या आत असला तरच सांगाडा सलग आहे असं धरा. पृष्ठभाग ओला करा, ५०० मिमीची जाळी आखा. कॉपर–कॉपर सल्फेट सेलवर उणे ३५० मिलीव्होल्टपेक्षा जास्त उणे आकडा आला तर गंजाची शक्यता ९० टक्क्यांच्या वर, उणे २०० ते ३५० संदिग्ध. आकड्यापेक्षा उतार बघा. थोड्या अंतरात आकडा झपकन बदलतो तिथे गंजाचं केंद्र असतं.

दोन ठिकाणी ही चाचणी फसवते. भरतीच्या पट्ट्याखालचं सतत भिजलेलं काँक्रीट: तिथे ऑक्सिजन पोचत नाही, आकडा खूप उणे येतो, पण गंज फारसा नसतो. आणि इपॉक्सी लेपाच्या सळया, ज्या आपल्या किनाऱ्यावरच्या पुलांत सर्रास सापडतात: लेपामुळे सळया एकमेकींशी विजेने जोडलेल्या नसतात, त्यामुळे त्या आकड्यांना अर्थच नाही. अशा पुलात हातोडीने ठोकून पोकळ आवाज शोधणं, क्लोराइड आणि एक-दोन जागी प्रत्यक्ष उघडून बघणं, एवढंच हाती राहतं.

खारावारा
सेमिनारमध्ये दुरुस्तीचा भाग असेल तर एक मुद्दा जरूर घ्या. फुगलेला तुकडा काढून मॉर्टर भरला की वर्ष-दोन वर्षांत त्याच्या कडेने नवी भेग दिसते. आधी गंजणारी सळई शेजारच्या सळईला एका अर्थाने वाचवत होती. ती दुरुस्त झाली की शेजारच्या खाऱ्या काँक्रीटमधला भाग गंजू लागतो. म्हणून निव्वळ तडा गेलेला तुकडा काढून भागत नाही. क्लोराइड मर्यादेपलीकडे असलेलं सगळं काँक्रीट सळईच्या मागे २०–२५ मिमीपर्यंत काढा, किंवा पॅचच्या कडेने सळईऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे अ‍ॅनोड बसवा. बॉक्स गर्डरमध्ये एकाच वेळी मोठा भाग फोडायचा नाही. काढलेल्या काँक्रीटमधला दाब बाकीच्या भागावर जातो आणि नवं मॉर्टर तो परत उचलत नाही.

कॅथोडिक संरक्षण (सळईला बारीक वीजप्रवाह देऊन गंज थोपवणं) देणार असाल तर प्रीस्ट्रेसिंगच्या तारांवर चांदी–सिल्व्हर क्लोराइड सेलने उणे ९०० मिलीव्होल्टच्या पलीकडे जाऊ देऊ नका. हायड्रोजनमुळे ताणलेली तार ठिसूळ होऊन अचानक तुटते. साध्या सळईला उणे ११०० पर्यंत चालतं.

प्रीस्ट्रेस्ड पुलात गंज किती महाग पडतो त्यासाठी पणजीचा मांडवीवरचा १९७० चा पूल घ्या, तो १९८६ च्या जुलैत कोसळला. तारांचा गंज डक्टच्या आत असतो, बाहेर पोपडा दिसेलच असं नाही. डक्टमधलं ग्राउट (तारांभोवती भरलेलं सिमेंटचं मिश्रण) पोकळ आहे का हे बघायला अँकरेजजवळ (तारांच्या टोकांच्या पकडीजवळ) आणि केबलच्या उंच बिंदूंपाशी बोअरस्कोप (भोकातून आत बघायची बारीक दुर्बीण) घाला. ग्राउट भरताना हवा तिथेच अडकते.