गाडी घरी ठेवून खेड्यातल्या रिअल एलच्या शोधात : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, इंग्लंडच्या खेडोपाडी उत्तम रिअल एल देणारे पब आहेत, पण तिथवर बसने किंवा ट्रेनने पोचायचं कसं, हे दर वेळी कुणीतरी नव्याने विचारतं. म्हणून सगळ्यांचे अनुभव एका जागी जमवूया. सुरुवात मी करतो. राहायला लीड्सला आहे.

आधी थोडं एलबद्दल. ही बिअर पिंपात जिवंत असते. आत यीस्ट असतं, शेवटचं आंबणं पबच्या तळघरात होतं, आणि गॅसच्या दाबाऐवजी हँडपंपाने ती वर ओढतात. नेहमीच्या 9 गॅलनच्या पिंपात 72 पाइंट मावतात (पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास). पिंप उघडून ओढायला लागलं की आत हवा शिरते, आणि तीनेक दिवसांत ते संपलं नाही तर चव उतरते. म्हणून आडगावच्या पबमध्ये ओळीने सहा हँडपंप दिसले की मी जरा सावध होतो. खप बेताचा असताना दोनच पंप ठेवणारा मालक मला जास्त भरवशाचा वाटतो.

पब निवडायला काम्राचं ‘गुड बिअर गाइड’ बघा. काम्रा ही बिअर पिणाऱ्यांनीच 1971 साली सुरू केलेली चळवळ, आणि गाइड 1974 पासून दर वर्षी निघतं. निवड त्या त्या भागातले सभासद करतात, ते तिथे वर्षभर पीत असतात. मग वेळापत्रक. मी आधी परतीची शेवटची बस बघतो आणि तिच्या आदल्या बसने निघायचं ठरवतो. शेवटची फक्त हाताशी असते. आणि पब त्या दिवशी उघडा आहे का, ते फोन करून विचारा. खेड्यातले बरेच पब सोमवार-मंगळवार बंद असतात, काही दुपारीही दार लावून घेतात.

आता तुम्ही लिहा.

हडर्सफील्डहून

नवख्यांनी आमच्या लाइनपासून सुरुवात करावी. स्टेलीब्रिज ते हडर्सफील्ड, मधे ग्रीनफील्ड, मार्सडन अशी गावं. स्टेशनात उतरलं की पब चालत गाठता येतो. स्टेलीब्रिजचा बुफे बार तर फलाटावरच आहे, 1885 पासूनचा. मार्सडनला नदीकाठी रिव्हरहेड हा पब. फक्त शनिवारी दुपारी येऊ नका. लग्नाआधीच्या पार्ट्यांची टोळकी एकेका स्टेशनावर उतरत असतात, काउंटरशी उभं राहायला जागा नसते. गुरुवारी या, मालकाला बोलायला वेळ असतो. रविवारी रुळांचं काम निघालं तर ट्रेनऐवजी बस असते, तेवढं आदल्या रात्री बघून घ्या.

ब्रॅडफर्डहून

मी आर्नक्लिफबद्दल लिहिते. यॉर्कशर डेल्समधलं हे एवढंसं गाव, हिरवळीभोवती दगडी घरं आणि कडेला फाल्कन नावाचा पब. तिथे थेट बस मिळेल या भरवशावर राहू नका. स्किप्टनहून केटलवेलपर्यंत बसने गेलो आणि तिथून डोंगर ओलांडून चालत. चढ चांगलाच अंगावर येतो, पावसात उतारावर निसरडं होतं, बूट हवेतच.

फाल्कनमध्ये एल जगमधून, म्हणजे कानाच्या मोठ्या भांड्यातून देतात. पिंपातून आधी त्या भांड्यात घेतात, मग भांड्यातून ग्लासात ओततात. मी काउंटरशी उभी राहून बघत होते. बाईंनी ग्लास तिरका धरून हळूहळू ओतलं, फेस बसू दिला, पुन्हा थोडं ओतलं आणि खिडकीच्या उजेडात धरून बघितलं. फेस अगदी पातळ, बिअर लख्ख. उत्तरेकडे हँडपंपाच्या तोंडाला बारीक भोकांची चाळणी लावतात, त्याने सायीसारखा फेस येतो. इथे तसं काही नाही, त्यामुळे माल्टचा (मोड आणलेल्या धान्याचा) गोडवा आणि मागून येणारा कडवटपणा दोन्ही स्वच्छ कळतात. माझ्या नवऱ्याला फेसाळ एलच आवडते. त्याचं त्याला लखलाभ!

शेफील्डहून

मी पूर्ण पाइंट घेत नाही, हाफ घेते. बायकांनी हाफ मागितला तर कुणी वळूनही बघत नाही, बिनधास्त मागा. काय घ्यायचं कळत नसेल तर आधी घोटभर चव मागा, आनंदाने देतात. माइल्ड नावाची एल मिळाली तर जरूर घ्या, हलकी असते आणि कडवटपणा बेताचा.

आम्ही ईडेलला जातो. शेफील्ड-मँचेस्टर लाइनवरचं स्टेशन. रॅम्बलर हा पब अगदी जवळ, आणि गावाच्या वरच्या टोकाला दुसरा, ओल्ड नॅग्ज हेड. 1965 साली खुली झालेली पेनाइन वे ही लांब पायवाट तिथूनच सुरू होते. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनाही नेलं. त्या लिंबू घातलेला सोडा घेऊन शेकोटीपाशी बसल्या आणि शेजारच्या आजींच्या कुत्र्याशी मराठीत बोलत राहिल्या. परतीची ट्रेन तासाने होती, पण त्या उठायलाच तयार नव्हत्या.

डर्बीहून

शेवटच्या बसवर विसंबू नका, हे मीही सांगतो. एकदा आमची आलीच नाही. थांब्यावर पाटी नाही, कंपनीचा फोन कुणी उचलेना, नोव्हेंबरातला काळोख. पबमधल्या एका शेतकऱ्याने त्याच्या जीपमधून स्टेशनला सोडलं आणि पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून जवळच्या टॅक्सीवाल्याचा नंबर निघण्याआधी लिहून घेतो. खेड्यात ॲपवर टॅक्सी मिळत नाही.

पुण्याहून

जूनमध्ये मुलीकडे लीड्सला येतोय. मला गार बिअरची सवय. ही एल कोमट असते म्हणतात, खरं का? आणि आम्हा दोघांना पासष्टीच्या घरात हे झेपेल का?

बर्मिंगहॅमहून

काका, कोमट नसते हो. तळघराचं तापमान 11 ते 13 अंश ठेवतात. फ्रिजइतकी गार केली तर चवच कळत नाही.

माझी शिफारस श्रॉपशरमधल्या बिशप्स कासलची. गावाला रेल्वे नाही, श्रूसबरीपर्यंत ट्रेन आणि पुढे बस. तिथल्या थ्री टन्स या पबला 1642 पासून बिअर गाळायचा परवाना आहे आणि शेजारीच त्यांची मजल्यांची ब्रुअरी. धान्य वर चढवायचं, मग सगळं उताराने खाली येतं. आम्ही गेलो तेव्हा रविवारी बसच नव्हती, म्हणून शनिवारी सकाळी पोचलो आणि मुक्काम करून सोमवारी परतलो. घाई केली असती तर गाव बघायचं राहिलं असतं.

पुन्हा लीड्सहून

काका, झेपेल की! तुम्ही मॅशमला जा. लीड्सहून 36 नंबरची बस हॅरोगेटमार्गे रिपनला नेते, तिथून मॅशमची दुसरी बस. तिचं वेळापत्रक आधी बघा, फेऱ्या मोजक्याच आहेत. इंग्लंडात बहुतेक बसना एका फेरीचं भाडं सध्या जास्तीत जास्त 3 पौंड आहे. मॅशम छोटं आहे, पण ब्रुअऱ्या दोन. थीकस्टन 1827 ची, आणि त्याच घराण्यातल्या पॉल थीकस्टन यांनी वेगळं होऊन 1992 साली सुरू केलेली ब्लॅक शीप. दोन्हीकडची एल एका दुपारी चाखता येते, चढ-उतार नाहीत, काकूंना चौकात निवांत बसता येईल. मधला वार धरा आणि तारीख इथे कळवा. मला सुट्टी मिळाली तर रिपनच्या बस स्टँडवर भेटतो.